इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदे व आपली मराठी

कोणत्याही धर्मादाय न्यासाचे इंग्रजी न्यासपत्र उघडून पाहावे. त्यात 'ट्रस्टीज शॅल पे' असे लिहिलेले असेल, तर गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य देणे हे विश्वस्तांचे कर्तव्य ठरते. तेथेच 'ट्रस्टीज मे पे' असे लिहिले असेल, तर साहाय्य द्यावे की न द्यावे हे विश्वस्तांच्या विवेकावर राहते. पैसा तोच, विद्यार्थी तेच, विश्वस्तही तेच. फरक केवळ एका लहानशा शब्दाचा. कायद्याचे अर्थ लावताना न्यायालये संदर्भ पाहून क्वचित 'मे'चा अर्थ 'शॅल'सारखा आणि 'शॅल'चा अर्थ 'मे'सारखाही करतात, हे खरे. परंतु तो वादाचा शेवट असतो. वाद टाळावयाचा असेल, तर लिहिणाऱ्याने प्रथमच योग्य शब्द निवडला पाहिजे.

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी समाजाला या लहान शब्दांचे आणखी एक महत्त्व आहे. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या तिसाव्या कलमात धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्या कलमाच्या इंग्रजी वाक्यात 'शॅल हॅव' असे शब्द आहेत. म्हणजे तो हक्क निःसंदिग्ध आहे. पुढे 1956 साली, ज्या वर्षी मध्यभारत विलीन होऊन नवे मध्यप्रदेश राज्य झाले त्याच वर्षी, घटनेत 350-अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा राज्याने प्रयत्न करावयाचा आहे, असा त्याचा आशय. तेथेही 'शॅल' आहे, परंतु तो 'प्रयत्ना'शी जोडलेला आहे. आणि राष्ट्रपती राज्यांना निर्देश देतील त्या ठिकाणी 'मे' आहे. एकाच कलमात दोन साहाय्यक क्रियापदे, आणि दोहोंचे वजन वेगळे. ज्याला हे वजन कळत नाही, त्याला आपला हक्क कोठवर जातो हेही नीट कळावयाचे नाही.

म्हणून या महोत्सवी अंकाच्या निमित्ताने इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदांचा विचार घरच्या घरी, आईवडील व मुले यांनी मिळून करावा, अशा बेताने हा पाठ लिहिला आहे. इंग्रजीची भीती घालणे हा त्याचा हेतू नव्हे. आपली मराठी ज्याला डोळसपणे पाहता येते, त्याला हा विषय बराच सोपा जातो, हेच दाखवावयाचे आहे.

1. साहाय्यक क्रियापद म्हणजे काय?

'मी जातो आहे' या वाक्यात जाण्याची क्रिया 'जातो' या शब्दाने सांगितली. 'आहे' या शब्दाने ती चालू असल्याचे दाखविले. 'मी गेलो होतो', 'मला जावे लागते', 'मी जाऊ शकतो' या वाक्यांत 'होतो', 'लागते', 'शकतो' हे शब्द तसेच साहाय्य करतात. कै. मोरो केशव दामले यांनी 1911 साली प्रसिद्ध केलेल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात अशा संयुक्त क्रियापदांची पुष्कळ चिकित्सा केली आहे. तात्पर्य, ही वस्तू आपल्याला परकी नाही. फरक इतकाच की मराठीत व हिंदीत साहाय्यक शब्द मुख्य क्रियापदाच्या मागून येतो आणि इंग्रजीत तो पुढे चालतो. आपल्याकडे 'जाऊ शकतो', त्यांच्याकडे 'कॅन गो'. मुख्य पाहुणा तोच. आपल्याकडे भालदार मागून येतो, त्यांच्याकडे पुढे.

इंग्रजी शिकविणाऱ्या पंडितांनी या कामाला येणारी चोवीस रूपे मोजली आहेत: 'अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर', 'हॅव, हॅज, हॅड', 'डू, डज, डिड', 'शॅल, शुड, विल, वुड, कॅन, कुड, मे, माइट', आणि 'मस्ट, ऑट, नीड, डेअर, यूज्ड'. इंग्रजीतील हजारो क्रियापदांत ही चोवीस रूपे वेगळी काढण्याचे कारण असे की, त्यांच्या ठिकाणी चार खुणा दिसतात. 'नॉट' त्यांनाच चिकटते. प्रश्न करताना तीच कर्त्याच्या पुढे जातात. उत्तरात संपूर्ण क्रियापदाच्या ऐवजी ती एकटी उभी राहतात; जसे, 'यस, आय डू', 'नो, आय कान्ट'. आणि चौथी खूण अशी की, बोलण्यात त्यांवर जोर दिला म्हणजे साऱ्या विधानावर जोर पडतो. 'आय डू नो' म्हणजे 'मला माहीत आहेच'. आपण ज्या कामाला 'च' वापरतो, ते काम इंग्रज साहाय्यक क्रियापदाकडून करून घेतो.

2. जुनी नातीगोती

संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या व्याख्यानात सांगितले. इंग्रजीही त्याच कुळातली. ते नाते या लहान क्रियापदांत फार स्पष्ट दिसते. 'अ‍ॅम' व 'इज' ही संस्कृत 'अस्मि' व 'अस्ति' यांची भावंडे. 'बी' हे 'भू' धातूचे, ज्यापासून आपले 'होणे' व हिंदीचे 'होना' आले. 'वॉज' हे 'वस्' धातूचे, ज्यापासून आपले 'वसणे' आले. म्हणजे इंग्रजी मुलगा 'इज, वॉज, बी' असे एका दमात घोकतो, तेव्हा तो 'अस्, वस्, भू' हे तीन धातू घोकत असतो. रूपे एकमेकांशी जुळत नाहीत याचे कारण, ती मुळात तीन निरनिराळ्या घरांतली आहेत.

'कॅन' या शब्दाचा मूळ अर्थ 'जाणणे'. तो संस्कृत 'ज्ञा' धातूचा आप्त. 'ही कॅन स्विम' म्हणजे 'तो पोहणे जाणतो', अर्थात 'त्याला पोहता येते'. 'विल'चा मूळ अर्थ 'इच्छिणे'. तो 'वृ' म्हणजे वरणे, निवडणे, या धातूच्या नात्यातला. 'शॅल'चा मूळ अर्थ 'देणे असणे', आणि 'ऑट' हे तर 'ऋणी असणे' या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप. आता आपल्या मराठीकडे पाहावे. 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो' आणि 'मला जावे लागते', या दोन्ही वाक्यांत 'लागणे' आहे. ऋण आणि कर्तव्य यांना एकच शब्द! कर्तव्य हे एक प्रकारचे ऋणच आहे, ही कल्पना आपल्या पूर्वजांना सुचली आणि थेम्सकाठच्या लोकांनाही सुचली. 'शॅल' व 'ऑट' यांत बंधनाचा सूर का आहे, हे आता घोकावे लागणार नाही.

3. पाठ करावयाचे चार नियम

साहाय्यक क्रियापदानंतर मुख्य क्रियापदाचे कोणते रूप यावयाचे, याचे नियम फक्त चार आहेत.

पहिला: 'कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट' यांच्यानंतर मूळ रूप, मध्ये 'टू' नाही. 'ही कॅन सिंग'. 'ही कॅन टू सिंग' नव्हे, 'ही कॅन सिंग्ज'ही नव्हे. 'ऑट' व 'यूज्ड' यांना मात्र 'टू' लागतो.

दुसरा: 'डू, डज, डिड' यांच्यानंतर मूळ रूप. 'डिड ही गो?'

तिसरा: 'हॅव, हॅज, हॅड' यांच्यानंतर क्रियापदाचे तिसरे रूप. 'ही हॅज गॉन.'

चौथा: 'बी'च्या सर्व रूपांनंतर, क्रिया चालू असेल तर 'इंग'चे रूप आणि कर्मणी प्रयोग असेल तर तिसरे रूप. 'ही इज रायटिंग अ लेटर'. 'द लेटर इज रिटन'.

अनेक साहाय्यके एकत्र आली तरी हेच नियम साखळीप्रमाणे लागू पडतात. 'ही मस्ट हॅव बीन वेटिंग', म्हणजे 'तो वाट पाहत असला पाहिजे'. 'मस्ट'मुळे 'हॅव' मूळ रूपात, 'हॅव'मुळे 'बीन' तिसऱ्या रूपात, 'बीन'मुळे 'वेटिंग'. प्रत्येक शब्द आपल्या उजवीकडच्या शब्दाला आज्ञा करतो. अशी साखळी मुलांकडून दोनचार वेळा मोडून व जोडून घ्यावी. मग सर्वांत लांब वाक्यही भिववीत नाही.

4. 'डू'चे कोडे

आपली मुले 'ही डिड नॉट वेन्ट' असे का लिहितात? त्याचे कारण मराठीत आहे. 'तो गेला नाही' या वाक्यात भूतकाळ 'गेला'मध्येच राहतो आणि 'नाही' मागून येते. त्याच चालीने मूल 'वेन्ट' तसेच ठेवते. इंग्रजीत मात्र काळाची खूण वाक्यात एकदाच करावयाची असते, आणि ती पहिल्या साहाय्यकावर. 'डिड' आला की भूतकाळ त्याने उचलला. मुख्य क्रियापदाला पुन्हा तेच ओझे देऊ नये. एका ओझ्याला दोन हमाल कशाला? म्हणून 'ही डिड नॉट गो', 'डज शी नो?' हीच रूपे शुद्ध.

प्रश्नाचेही तसेच. आपण वाक्याच्या शेवटी 'का' लावतो, हिंदीत आरंभी 'क्या' येते. शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही. म्हणून 'व्हाय यू आर लेट?' असे वाक्य तोंडून निघते. इंग्रजीत साहाय्यकाने कर्त्याच्या पुढे गेले पाहिजे: 'व्हाय आर यू लेट?' मात्र हा प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा सरळ होतो: 'टेल मी व्हाय यू आर लेट'.

ही 'डू'ची रीत इंग्रजीतही अनादी नाही. शेक्सपिअर (1564–1616) 'डू' घालून आणि न घालून, दोन्ही प्रकारे लिहीत असे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात 'आय नो नॉट' या ठेवणीची वाक्ये सर्रास आहेत. पुढे सुमारे शंभर वर्षांत नवी रीत पक्की झाली. म्हणून जुन्या ग्रंथात असे वाक्य आढळल्यास त्याला चूक म्हणू नये, पण आपण तसे लिहूही नये.

5. 'हॅड'चा हव्यास

मराठी माणसाचे इंग्रजी ज्या एका खुणेने ओळखू येते, ती म्हणजे 'हॅड'. 'मी काल मेळ्याला गेलो होतो' हे आपले सहज वाक्य. त्याचे शब्दशः रूपांतर 'आय हॅड गॉन टू द फेअर येस्टर्डे' असे होते. आणि ऐकणारा इंग्रज पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो. कारण 'हॅड गॉन' म्हटले की भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधी गेलो, असा अर्थ होतो. दुसरी गोष्ट सांगावयाची नसेल तर साधे 'आय वेन्ट' पुरे. 'आम्ही स्टेशनवर पोचलो, तेव्हा गाडी सुटली होती' येथे मात्र 'हॅड' हवाच: 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड द स्टेशन'.

'हॅव' व 'हॅज' यांचा संबंध वर्तमानाशी असतो. म्हणून 'येस्टर्डे', 'इन 1956' असा सरलेला काळ सांगितला की ती वर्ज्य. 'आय हॅव सीन हिम येस्टर्डे' चूक; 'आय सॉ हिम येस्टर्डे' बरोबर.

उलट, जेथे ती हवीत तेथे आपण ती घालीत नाही. 'आम्ही दहा वर्षांपासून लष्करात राहत आहोत' याचे 'वी आर लिव्हिंग इन लष्कर सिन्स टेन इयर्स' असे भाषांतर जागोजाग ऐकू येते. मराठीत 'राहत आहोत' आणि हिंदीत 'रह रहे हैं' असा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजवर चाललेल्या क्रियेला 'हॅव बीन' लागते. 'वी हॅव बीन लिव्हिंग इन लष्कर फॉर टेन इयर्स'. कालावधी सांगताना 'फॉर', आरंभबिंदू सांगताना 'सिन्स'. दौलतराव शिंद्यांचा तळ 1810 साली येथे पडला आणि त्या लष्करावरूनच गावाला नाव मिळाले. तेव्हा 'सिन्स 1810' म्हणता येईल, परंतु 'सिन्स टू हंड्रेड इयर्स' म्हणता येणार नाही.

याच प्रकरणात आणखी एक सूचना. मालकी, ज्ञान, आवड हे अर्थ असलेली क्रियापदे सामान्यतः चालू काळात ठेवीत नाहीत. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय अ‍ॅम नोइंग हिम' ही रूपे टाळावीत. 'मला दोन भाऊ आहेत' यातील 'आहेत' पाहून 'अ‍ॅम' घालण्याचा मोह होतो. त्या ठिकाणी साधे 'आय हॅव टू ब्रदर्स' लिहावे. 'हॅविंग' सर्वत्र चूक असते असे मात्र नव्हे. 'वी आर हॅविंग अवर मील', म्हणजे 'आम्ही जेवीत आहोत', हे अगदी शुद्ध आहे.

6. 'मला' आणि 'मी'

'मला जायला पाहिजे', 'मला जावे लागते', 'मला गाता येते' या तिन्ही वाक्यांत कर्तव्य, सक्ती आणि कौशल्य ही जणू बाहेरून येऊन माणसावर बसतात, म्हणून 'मला' ही चतुर्थी. इंग्रजीत माणूस जागचा हलत नाही. 'आय' तो 'आय'च राहतो आणि अर्थाचा सारा भार साहाय्यक क्रियापद वाहते. 'आय शुड गो', 'आय हॅव टू गो', 'आय कॅन सिंग'. हा भेद एकदा मनात ठसला की पुढील जोड्या आपोआप लागतात.

'जायलाच पाहिजे' असे आपल्याला आतून वाटते, तेव्हा 'मस्ट'. नियमामुळे अथवा परिस्थितीमुळे 'जावे लागते', तेव्हा 'हॅव टू'. 'हॅव टू'च्या प्रश्नाला 'डू' लागतो: 'डू यू हॅव टू गो?' 'मस्ट'ला भूतकाळाचे रूप नाही. 'जावे लागले' म्हणजे 'हॅड टू गो'.

नकारात मराठीची श्रीमंती कामाला येते. 'जाऊ नये' व 'जायला नको' या दोहोंतील भेद मराठी घरातील मूल बोलू लागताच शिकते. 'नये'मध्ये मनाई आहे. 'नको'मध्ये गरज नसणे आहे. इंग्रजीत पहिल्याला 'मस्ट नॉट', दुसऱ्याला 'नीड नॉट'. 'यू मस्ट नॉट पे' म्हणजे पैसे देण्यास मनाई. 'यू नीड नॉट पे' म्हणजे द्यायला नकोत, दिलेत तर हरकत नाही. रुग्णालयाच्या किंवा कचेरीच्या चिठ्ठीत या दोहोंची अदलाबदल झाली तर काय होईल, हे सांगावयास नको.

'पाहिजे'चा दुसरा अर्थही 'मस्ट'मध्ये तसाच उतरतो. 'दिवा दिसतो आहे. ते घरी असले पाहिजेत', म्हणजे 'दे मस्ट बी अ‍ॅट होम'. हे अनुमान. मात्र 'ते घरी नसावेत' या अनुमानाला 'मस्ट नॉट'पेक्षा 'कान्ट बी' अधिक नेमके. 'कदाचित असतील' याला 'मे बी', आणि संशय अधिक असेल तर 'माइट बी'.

'कुड'विषयी एक सावधगिरी. 'लहानपणी मला किल्ला न थांबता चढता येत असे' अशा कायमच्या सामर्थ्याला 'कुड' योग्य. पण 'काल मला तिकीट मिळविता आले', अशा एका वेळच्या यशाला 'आय वॉज एबल टू गेट' असे लिहावे. आणि 'जात असे' या आपल्या रीतिभूतकाळाला 'यूज्ड टू' तंतोतंत बसते: 'ही यूज्ड टू गो टू द टेम्पल एव्हरी मॉर्निंग'.

7. 'शॅल', 'विल' आणि 'वुड'

'आय' व 'वी' यांच्याबरोबर साध्या भविष्याला 'शॅल', इतरांबरोबर 'विल'. आणि निश्चय, आज्ञा अथवा वचन असेल तर उलट, असा नियम जुन्या शाळांत घोकून घेत. इंग्रजीचे लॅटिनमध्ये व्याकरण लिहिणारे जॉन वॉलिस यांनी तो 1653 साली मांडला होता. आज साध्या भविष्याला सर्व पुरुषांत 'विल' चालतो. 'शॅल' मुख्यतः दोन ठिकाणी उरला आहे: 'शॅल आय ओपन द विंडो?', म्हणजे 'खिडकी उघडू का?', अशा विचारण्यात, आणि कायद्याच्या व नियमांच्या भाषेत.

'विल'च्या जागी 'वुड' घालण्याने वाक्य अधिक सभ्य होते, अशी समजूत आपल्या देशात फार पसरली आहे. 'आय होप यू वुड रिप्लाय' असे पुष्कळ पत्रांत असते. आशा खरी असेल तर 'विल' हवा. 'वुड' हा 'असते तर' या अर्थाचा शब्द: 'पैसे असते तर मी गेलो असतो', 'आय वुड हॅव गॉन इफ आय हॅड हॅड द मनी'. येथे दोनदा 'हॅड' पाहून दचकू नये. पहिला साहाय्यक, दुसरा मुख्य. आणि 'जर'च्या पोटवाक्यात साध्या भविष्याचा 'विल' नको. 'पाऊस आला तर' यात आपणही 'येईल' म्हणत नाही. 'इफ इट रेन्स, वी विल नॉट गो.'

8. विनयाची भाषा

इंग्रजीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' हा भेद उरलेला नाही. सर्वांना एकच 'यू'. मग वडीलधाऱ्यांचा मान इंग्रज कोठे ठेवतो? तो पुष्कळसा साहाय्यक क्रियापदांत ठेवतो. 'कॅन यू हेल्प मी?' हे बरोबरीच्याला. 'कुड यू हेल्प मी?' हे अधिक मृदू. 'मे आय कम इन?' हे गुरुजनांपुढे. आपण जो आदर सर्वनामात ठेवतो, तो त्यांनी क्रियापदात ठेवला आहे. मराठी शिष्टाचार अंगी बाणलेल्या माणसाने ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर त्याचे इंग्रजी विनाकारण उद्धट ठरते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अर्जात दिसते. 'कृपया मला शिष्यवृत्ती मंजूर करावी' हे मराठी वाक्य किती नम्र आहे! परंतु 'करावी' याचा अर्थ कोशात 'शुड' असा पाहून विद्यार्थी 'यू शुड सँक्शन मी द स्कॉलरशिप' असे लिहितो, आणि विनंतीचे रूप उपदेशाचे होते. वाचणाऱ्याला वाटते, हा मुलगा आपल्याला आपले कर्तव्य शिकवितो आहे. मुलाच्या मनात तर केवळ नम्रता असते. म्हणून मराठी विनंतीच्या '-आवे'ला 'शुड' कधीही लावू नये. 'आय शॅल बी ग्रेटफुल इफ यू विल सँक्शन' किंवा 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सँक्शन' असे लिहावे. कित्येक होतकरू तरुणांचा पहिला अर्ज त्यांना न पाहिलेल्या माणसापुढे जातो. त्या वेळी त्यांचा चेहरा, त्यांचे संस्कार, त्यांच्या घरचे वळण यांतले काहीच तेथे नसते. असतात ती ही चार वाक्ये.

तसाच 'इझन्ट इट'चा प्रकार. आपले 'ना?' आणि हिंदीचे 'है ना?' कोणत्याही वाक्यामागे चालते. इंग्रजीत मात्र मुख्य वाक्यातील साहाय्यक शेपटीतही यावे लागते: 'यू विल कम, वोन्ट यू?', 'शी कॅन सिंग, कान्ट शी?'

9. तीन भाषांच्या संगमावर

ग्वाल्हेरच्या मराठी मुलाच्या कानांवर घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी पडते. कधी कधी 'मी येऊन राहिलो आहे' असे मराठीही ऐकू येते, ते हिंदीच्या 'आ रहा हूँ'चे प्रतिबिंब होय. याबद्दल मुलांना रागावण्यापेक्षा तिन्ही वाक्ये शेजारी शेजारी मांडून दाखवावीत. 'मी येतो आहे', 'मैं आ रहा हूँ', 'आय अ‍ॅम कमिंग'. मराठीने 'असणे' घेतले, हिंदीने 'रहना' व 'होना' घेतले, इंग्रजीने 'बी' घेतले. एकच आशय, तीन घडणी. ज्या मुलाला हे दिसते, त्याच्या तिन्ही भाषा एकमेकींना धक्का न लावता नांदतात.

पूर्वी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीतील मर्म असे होते की, मातृभाषेतील वाक्य आधी नीट समजावयाचे आणि मग दुसऱ्या भाषेत न्यावयाचे. आज शुद्धलेखन तपासणारी यंत्रे घरोघरी आली आहेत. शब्द चुकला तर ती पुष्कळदा दाखवितात. पण आपल्या मनात 'नये' होते की 'नको' होते, हे यंत्राला कोण सांगणार? ते आपल्यालाच ठाऊक असावे लागते, आणि ते मराठीतच ठाऊक असते.

10. घरी करावयाचा अभ्यास

पुढील वाक्ये शुद्ध करावीत. एकाने वाचावे, इतरांनी सांगावे. आणि चूक कोणत्या मराठी अथवा हिंदी सवयीमुळे होते, तेही शोधावे.

1. 'शी डिड नॉट केम टू द प्रोग्रॅम.'
2. 'व्हेअर you आर गोइंग?' ही ठेवण, म्हणजे 'व्हेअर यू आर गोइंग?'
3. 'माय फादर इज वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स.'
4. 'वी हॅड गॉन टू मुरार येस्टर्डे.'
5. 'ही मस्ट टू गो.'
6. 'दे आर हॅविंग अ बिग हाउस.'
7. 'यू विल सिंग, इझन्ट इट?'
8. 'इफ ही विल कम, आय विल टेल हिम.'
9. 'आय होप यू वुड रिप्लाय सून.'
10. 'द डोअर इज लॉक्ड. ही मस्ट नॉट बी अ‍ॅट होम.'

उत्तरे: 1. 'शी डिड नॉट कम.' 2. 'व्हेअर आर यू गोइंग?' 3. 'माय फादर हॅज बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स.' 4. 'वी वेन्ट टू मुरार येस्टर्डे.' 5. 'ही मस्ट गो.' 6. 'दे हॅव अ बिग हाउस.' 7. 'यू विल सिंग, वोन्ट यू?' 8. 'इफ ही कम्स, आय विल टेल हिम.' 9. 'आय होप यू विल रिप्लाय सून.' 10. 'ही कान्ट बी अ‍ॅट होम.'

दहापैकी सात बरोबर आली तर पाया चांगला आहे असे समजावे. कमी आली तर तिसऱ्या प्रकरणातील चार नियम रोज एकदा, पंधरा दिवस, मोठ्याने म्हणावेत व प्रत्येकाचे एक नवे वाक्य स्वतः करावे. वाक्ये आपल्या घरातली, आपल्या गल्लीतली, आपल्या किल्ल्याची आणि मेळ्याची असावीत. परक्या वाक्यांपेक्षा ती अधिक लक्षात राहतात.